खाजणातली जलपर्णी काढली तरी दरवर्षी परत का येते?

मे महिन्यात पोकलेन लावून पोंय (खाजणातलं उघाडीमागचं तळं) साफ केली, डंपर भरभरून माल बाहेर काढला, फोटो झाले, बिल निघालं. आणि दिवाळी सरते न सरते तोच पाणी पुन्हा हिरवंगार. कोकणात आणि गोव्यात खाडीला लागून खाजणशेती (बांध घालून भरतीचं पाणी अडवलेली जमीन) असलेल्या गावांची तक्रार साधारण अशीच असते. पुढचा प्रश्नही ठरलेला: यापेक्षा मोठं मशीन कुठे मिळेल?

मशीनचं नंतर बघू. आधी उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी (गोव्यात मानशीपाशी) जाऊन उभे राहा. जलपर्णी मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली, गोड्या पाण्यातली. भरतीचं पाणी रोज आत-बाहेर होतं तिथे तिचा निभाव लागत नाही. खाडीपासून हाकेच्या अंतरावर ती बारमाही टिकत असेल, तर खाऱ्या पाण्याची वाट बंद झालेली असते आणि सांडपाण्याची वाट उघडलेली असते. या दोन वाटा तशाच ठेवून केलेली सफाई ही दरवर्षीची वर्गणी समजावी.

आधी नक्की काय वाढलंय ते पाहा

"पाण्यात हिरवळ वाढलीय" एवढ्यावर उपाय सांगता येत नाही. जांभळट फुलांचा तुरा, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, देठ फुगीर आणि आतून स्पंजासारखे, ही जलपर्णी. पाण्यावर घडी घातल्यासारखी लहान पानं, वर बारीक केसांची लव आणि फूल कधीच नाही, तर तो साल्व्हिनिया. त्याला केरळात आफ्रिकन पायल म्हणतात, प्रत्यक्षात तो ब्राझीलचा. त्याला बी धरत नाही. तुकड्यातुकड्यांतूनच तो पसरतो. म्हणजे एकदा पूर्ण निघाला तर चिखलातून पुन्हा उगवणार नाही. जलपर्णीच्या बाबतीत ही सोय नाही.

पाण्यात मुळं रोवून पुरुषभर उंच वाढलेलं, तपकिरी कणसाचं गवत म्हणजे पाणकणीस. ते इथलंच आहे, पण पाणी मचूळ होऊन साचलं की खाजण व्यापून टाकतं. थोडाफार खारटपणा ते सोसतं, त्यामुळे खाली सांगितलेला मिठाचा उपाय त्याला पुरत नाही. ते पाण्याच्या पातळीखाली कापायचं आणि कापलेले बुंधे काही आठवडे बुडालेले राहतील असं पाणी धरून ठेवायचं. मुळांना हवा त्या दांड्यांतूनच मिळते. पाण्याच्या वर कापलंत तर दुप्पट जोमाने फुटेल.

बांधावर काटेरी वेडी बाभूळ असेल तर तिचं प्रकरण वेगळं. खारं पाणी तिला चालतं, म्हणूनच कच्छच्या बन्नी भागात रणाचं अतिक्रमण थोपवायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मुद्दाम लावली गेली, आणि मग तिने गवताळ कुरणंच गिळली. ती नुसती तोडून उपयोग नाही. खोडाच्या बुडाशी, जमिनीखाली, कोंब फुटायची जागा असते. तिथपर्यंत खणून काढावी लागते. बांधावर असं खणणं जोखमीचं, म्हणून रोपटं लहान असतानाच उपटा. शेंगा खाल्लेल्या गुरांच्या शेणातून ती पुढच्या बांधावर पोचते, तेव्हा दरवर्षी एक फेरी मारावीच लागते.

आणि तिवर, कांदळ हे तण नव्हे. बांध फुटला, शेत पडीक राहिलं, की तिथे कांदळवन येतं आणि मालकाचा जीव जळतो, हे समजू शकतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्रातल्या कांदळवन तोडीवरची बंदी पक्की केली आहे, जमीन सरकारी असो की खासगी. "जलपर्णी काढताना थोडी झुडपं गेली" ही सबब चालत नाही. ठेकेदाराला पहिल्याच दिवशी हद्द आखून द्या.

यापुढे जे लिहितोय ते मुख्यत्वे जलपर्णीबद्दल, कारण दहातल्या नऊ तक्रारी तिच्याच.

"नव्वद-पंच्याण्णव टक्के काढली होती, तरी एवढी?"

हो, तरी एवढी. जलपर्णीला अन्न आणि ऊन भरपूर मिळालं की तिचा पसारा एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतो. आपण सावधपणे दोन आठवडे धरू. समजा शंभरातला एक भाग राहिला. एकाचे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि सातव्या खेपेला सगळं पाणी झाकलं. म्हणजे साडेतीन महिने. सप्टेंबरअखेर ९९ टक्के सफाई केली तर मकरसंक्रांतीला पोंय भरलेली. शेवटच्या एका टक्क्यासाठी मशीन कामाचं नाही, तिथे होडी आणि माणसं लागतात. आणि नेमका तेवढाच खर्च निविदेत धरलेला नसतो.

पण उरलेली झाडं हे एकच कारण नसतं. ती तीन ठिकाणांहून परत येते आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा आहे. कुठून येते ते ओळखायला पहिल्या पावसानंतर महिनाभर काठाने फिरा.

काठच्या चिखलात मुळं धरलेली, अरुंद पट्टीसारख्या पानांची बारकी रोपं दिसली, तर ती बियांची आहेत. फुगीर देठ त्यांना अजून आलेले नसतात, त्यामुळे बरेच जण त्यांना साधं गवत समजून सोडून देतात. काही आठवड्यांत तीच सुटून तरंगू लागतात. जलपर्णीचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं, आणि उघडा पडलेला चिखल, ऊन, मग उथळ पाणी हा क्रम मिळाला की रुजतं. उन्हाळ्यात पोंय कोरडी करून तळ खरवडला की आपण त्याची मशागतच करतो. म्हणजे गाळ काढूच नये असं नाही. पण काढला त्या वर्षी जून-जुलैत काठाची वेचणी ठरलेलीच समजा.

फुगीर देठांची मोठी झाडं नाल्याच्या तोंडापासून पुढे पसरत आली, तर माल वरून येतोय. वरच्या तळ्यात किंवा नदीत जलपर्णी आहे तोवर खाली कितीही उपसा. इथे उपाय स्वस्त आहे: नाल्याच्या तोंडावर बांबू आणि काथ्याची दोरी यांचा तरंगता अडसर, खाली जाळ्याची पट्टी. तो प्रवाहाला काटकोनात बांधू नका, तिरका बांधा. काटकोनातल्या अडसरावर सगळा भार येतो आणि पहिल्या मोठ्या पावसात तो तुटतो. तिरका असला की झाडं घसरत एका काठाला जमतात, तिथून आकड्याने ओढता येतात.

आणि मोरीखाली, झुडपांच्या सावलीत, मशीनचा हात पोचला नाही अशा कोपऱ्यात मोठ्या झाडांचे पुंजके दिसले, तर ती सफाईतच राहून गेलेली आहेत.

"उघाडी उघडली, तरी जलपर्णी मेली नाही"

ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण निदान बरोबर असूनही लोक इथेच हात टेकतात.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. दोन-अडीच ग्रॅमलाच जलपर्णीची वाढ खुंटते, पानांच्या कडा करपू लागतात. ६ ते ८ ग्रॅमच्या पुढे ती टिकत नाही. म्हणजे निम्मं समुद्राचं पाणीसुद्धा लागत नाही. मग मरत का नाही?

बहुतेक वेळा मोजमाप चुकीच्या जागी झालेलं असतं. खारं पाणी जड, ते तळाशी जातं. गोडं त्याच्यावर तरंगत राहतं. जलपर्णीची मुळं वरच्या थरात लोंबतात, तेव्हा तळाच्या खारटपणाशी तिला देणंघेणं नसतं. उघाडीजवळ बादली बुडवून चव घेतली, खारट लागलं, म्हणून खूश होऊ नका. उघाडीपासून लांब, पसाऱ्याच्या मधोमध, वीतभर खोलीवरचं पाणी तपासा. विद्युतवाहकता मोजणारा पेनाएवढा मीटर मिळतो. त्यावर साधारण १० ते १४ मिलिसीमेन्स आले की आपण ६ ते ८ ग्रॅमच्या घरात आहोत. घरच्या आरओसाठीचा टीडीएस मीटरही चालेल. तो बहुधा ९,९९० च्या वर आकडा दाखवत नाही, पण तिथे टेकला तरी उत्तर मिळालंच.

दुसरं कारण वेळ. पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे खाडीचं पाणीच जवळजवळ गोडं असतं. तेव्हा उघाडी उघडून आत मीठ येतच नाही. उलट वाहत आलेली नवी जलपर्णी आत येते. भाताची कापणी झाल्यावर, वरून येणारं पाणी ओसरल्यावर, उधाणाच्या भरत्या धरायच्या. भांगाच्या (लहान भरत्यांच्या) दिवसांत उघडलं तर पाणी फार आत चढत नाही. एका उधाणाने काम होत नाही. खारटपणा सलग काही आठवडे टिकायला हवा. त्यासाठी सुकतीला (ओहोटीला) वरचं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत घ्यायचं, असं आलटूनपालटून करत राहावं लागतं.

तिसरं कारण पसारा स्वतः. जाड थर असेल तर पाणी त्याच्याखाली हलतच नाही. म्हणून आधी ओढून काढा, मग मीठ सोडा. उलट क्रम केलात तर आणखी एक संकट: थर जागेवर मरतो, बुडतो, कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले की समजा, उशीर झाला. मिठाचं काम उरलेल्या पुंजक्यांना आणि नव्या रोपांना संपवणं एवढंच आहे, आणि ते काम मीठ फुकटात करतं.

हे आपल्याकडचंच शास्त्र नव्हे. केरळात कुट्टनाडची शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे दुसरं पीक वाचवण्यासाठी तण्णीरमुक्कमचा बंधारा बांधला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो कोरड्या दिवसांत खारं पाणी अडवतो. भाताला आधार मिळाला, आणि वेंबनाड सरोवराच्या बंधाऱ्याआतल्या भागात जलपर्णीला बारमाही घर मिळालं. दारं उघडून खारं पाणी आत आलं की ती मरते, हे तिथला कोणीही होडीवाला सांगेल. तरीही दारं कधी उघडायची यावर शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात वाद चालतो, आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं.

ओडिशाच्या चिलिका सरोवराचं उदाहरण त्याहून ठळक आहे. समुद्राकडचं मुख गाळाने आक्रसलं, पाणी गोडं होत गेलं, तणं वाढली, मासळी घटली. १९९३ मध्ये चिलिका रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये नवीन मुख खोदलं. खारं पाणी फिरू लागलं, तण हटलं, मासळी वाढली, आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आलं. पण नद्या जिथे येऊन मिळतात त्या उत्तरेच्या भागात मीठ कमी पोचतं, तिथे नळगवताचा त्रास आजही आहे. खाजणाच्या वरच्या टोकालाही नेमकं हेच होतं, तेव्हा तिथल्या कोपऱ्यात मिठावर विसंबून राहू नका.

उघाडीची किल्ली कोणाच्या हातात?

खरी गाठ इथे असते. खारं पाणी आत घ्यायचं म्हटलं की वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक) घेणारा शेतकरी उठून उभा राहतो, आणि त्याचं बरोबर आहे. ज्या वर्षी वायंगणी भात किंवा भाजी लावली आहे, त्या शेतांत मीठ शिरता कामा नये. मीठ पोंयीत आणि चरांत घ्यायचं, शेतात नव्हे. त्यासाठी आतले बांध आणि त्यांची तोंडं धड हवीत. काठच्या विहिरींचं पाणी आधी तपासून ठेवा आणि उघाडी चालू असताना दर आठवड्याला तपासत राहा. पावसाआधी खारं पाणी बाहेर काढून जमीन मोकळी ठेवा, म्हणजे मृगाच्या सरींनी खार धुऊन जाईल.

गोव्यात मानशीची पावणी (लिलाव) होते. मासळीचा हक्क घेतलेल्याला दार उघडं हवं, कूळ शेतकऱ्याला बंद हवं. जलपर्णीचा विचार या भांडणात कोणीच करत नाही. पावणीच्या अटींमध्येच दार कोणत्या पक्षात किती उघडायचं हे लिहून घ्या. एकदा पैसे भरले गेले की बोलून उपयोग नसतो.

खाद्य बंद केल्याशिवाय भूक मरत नाही

एक झाड उपटून मुळं बघा. पानं हातभर उंच आणि मुळं आखूड असतील तर पाण्यात खाद्य भरपूर आहे; तिला शोधत फिरायची गरज पडलेली नाही. पानं बुटकी आणि मुळं लांब, पिसाऱ्यासारखी लोंबती असतील तर पाण्यात त्या मानाने खाद्य कमी. ही चाचणी फुकट आहे, आणि पोंयीच्या दोन टोकांना वेगवेगळं उत्तर मिळालं तर सांडपाणी कोणत्या बाजूने येतंय तेही कळतं. त्या बाजूला चालत गेलात की गटार, सेप्टिक टाक्यांचा ओघळ, गोठा, नाहीतर नव्या वसाहतीचा पाइप सापडतोच. पाइप वळवणं गावाच्या राजकारणात पोकलेनपेक्षा अवघड असतं हे मान्य. पण तो वळला नाही तर पसारा दुप्पट होण्याचा वेग तोच राहतो, आणि वरचं साडेतीन महिन्यांचं गणितही.

किडे, फवारणी आणि पिशव्या

"परदेशात किडे सोडतात म्हणे." इथेही सोडलेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निओकेटिना जातीचे भुंगे आणले. गोड्या पाण्याच्या तळ्यांमध्ये त्यांनी चांगलं काम केलं. पण त्यांना काही वर्षं लागतात, आणि त्यांचे कोष जलपर्णीच्या मुळांवर असतात. दर मे महिन्यात सगळी झाडं काढली की भुंगेही डंपरमध्ये जातात. म्हणजे भुंगे आणि वार्षिक सफाई ही जोडी जमत नाही. पानांवर बारीक चौकोनी ओरखडे दिसत असतील तर तुमच्याकडे ते आधीच आहेत. वरच्या गोड्या तळ्यात त्यांना राहू द्या, खाली पोंयीत मीठ वापरा.

साल्व्हिनियावरचा भुंगा मात्र जवळजवळ चमत्कार आहे. १९८० च्या दशकात केरळच्या कालव्यांतून त्याने काही वर्षांत तो हटवला. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीवर तोच भुंगा आधी जगेना. झाडात नत्र कमी होतं म्हणून त्याचं पोट भरत नव्हतं. तण मारायला आलेल्या शास्त्रज्ञांनी तणालाच युरिया घातला, भुंगे वाढले, आणि मग साल्व्हिनिया गेला.

फवारणी खाजणात नको, हे माझं स्पष्ट मत. बी मरत नाही, कुजलेला थर मासळी मारतो, आणि औषध भरतीबरोबर कुठे जाईल यावर ताबा नसतो. ग्लायफोसेटचा वापर तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच ठेवला आहे.

जलपर्णीच्या पिशव्या आणि चटया विणण्याचे उपक्रम चांगले, चार बायकांना काम मिळतं. त्याने पोंय रिकामी होत नाही. दाट थर हेक्टरी दोनशे-तीनशे टनांच्या घरात जाऊ शकतो, आणि त्यातलं ९० ते ९५ टक्के पाणी असतं. हाच आकडा वाहतुकीलाही लावा: ओला माल डंपरमधून नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. काठावर, पण परत पाण्यात घसरणार नाही अशा उंच जागी, उन्हात वाळू द्या आणि मग उचला. शेणाबरोबर कुजवून खत करायचं तर फुलं येण्याआधीचा माल घ्या, नाहीतर बी शेतात जाईल. वरच्या बाजूला कारखान्यांचं पाणी येत असेल तर हे खत भाजीला घालू नका. जलपर्णी जड धातू शोषून ठेवते.

सुकतीला सगळा पसारा उघाडीतून खाडीत ढकलून देण्याची युक्ती बरीच गावं करतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात तो बाहेर जाऊन मरतो, तरी किनाऱ्यावर कुजतो. पावसाळ्यात तर तो मरतही नाही. शेजारच्या गावाच्या उघाडीत शिरतो. आकडा आणि दोरी घेऊन उघाडीच्या आतल्या बाजूलाच ओढून घ्या. सुकतीचा प्रवाह माल तिथपर्यंत आणून देतो, तेवढा फायदा पुरे.

उघाडीच मोडकी असेल तर

महाराष्ट्रात खारभूमी योजनेखालच्या उघाडीची दुरुस्ती खारभूमी विकास विभागाकडे मागायची. खासगी बंदिस्ती (बांध) असेल तर खर्च बहुधा गावावरच येतो. फाइल हलेपर्यंत तात्पुरती सोय अशी: दाराच्या चौकटीत खाचा असतील तर सुट्या फळ्या एकावर एक बसवा. पाणी आत घ्यायचं तेव्हा वरच्या फळ्या काढू नका, सगळ्यात खालच्या फळीला धरून पूर्ण चळत थोडी वर उचला, म्हणजे तळाचं जड खारं पाणी आधी शिरेल. बाहेर सोडायचं तेव्हा वरच्या काढा, म्हणजे गोडा थर आधी निघून जाईल. सगळ्यात खालच्या फळीला दोन लोखंडी कड्या आणि दोरी बांधून ठेवा, नाहीतर गाळात बसलेली ती फळी वर काढायला कोणाला तरी बुडी मारावी लागते. फळ्यांच्या आतल्या बाजूला जाळीचा तुकडा लावा आणि दर सुकतीनंतर तो झाडून घ्या. तिथे अडकलेल्या जलपर्णीची संख्या पाहून आत किती उरली आहे याचा अंदाजही येतो.